एक घर, दोन शिफ्ट

माझ्या पुतण्याने सर्जापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये, वीस माणसांसमक्ष, असे सांगितले की एकोणीसशे साठच्या सुमारास माझ्या बायकोने मला माझ्याच घरातून बाहेर काढले होते. पुतण्या त्या वेळी जन्मला नव्हता. माझी धाकटी बहीण जन्मली होती, पण लग्न होऊन हुबळीला गेली होती. तिचे म्हणणे असे की मी बाहेर पडलो तो आमच्या गल्लीतल्या अक्कांच्या धाकाने. दोन्ही हकिकती चूक आहेत. मी घरातून एकदा नव्हे, सात वेळा बाहेर पडलो. प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांनी, आणि ट्रंकही मीच उचलली.

मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फोरमन होतो. पत्नी मूळची निपाणीची, शाळेत शिक्षिका. नऊ वर्षांच्या संसारात आमचे एकाच गोष्टीवर एकमत झाले, ते म्हणजे वेगळे व्हावे. आणि कायद्याला नेमके ते एकमत चालत नव्हते. नव्या कायद्याने घटस्फोट आला होता, पण दोघांच्या संमतीने तो मिळत नसे. एकाने दुसऱ्यावर काहीतरी सिद्ध करावे लागे. आम्ही दोघांनीही वकील केले. खरा वाद मुलीचा होता. ती आठ वर्षांची होती. माझे वकील म्हणाले, बाप म्हणून तुमची बाजू बळकट आहे, पण न्यायाधीश मुलीला विचारण्याचा संभव आहे. म्हणून मी तिला एक वाक्य शिकवले. तिच्या आईनेही एक शिकवले होते, हे मला मागाहून कळले.

अक्का म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलगी त्यांच्याकडे गणिताला जात असे. एके दिवशी त्यांनी तिला विचारले, "काय गं, आज गप्प का?" तेव्हा तिने उभे राहून, हात मागे बांधून, पाढा म्हणावा तसे म्हटले, "मला अण्णांकडे राहायचं आहे, मला आईकडे राहायचं आहे." आणि यातले आधी कुठले म्हणायचे, असे विचारले.

त्याच संध्याकाळी अक्कांनी आम्हा दोघांना बोलावून घेतले. मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून त्या मला ओळखत होत्या आणि तसेच बोलत असत.

"पोरीला कोर्टात उभी करायची नाही," त्या म्हणाल्या. "वकिलांना सांगून तारीख तीन महिने पुढे न्या. तोवर पोर घर बदलणार नाही. तुम्ही बदला. एक आठवडा हा घरात, एक आठवडा ही."

"घर माझं आहे," मी म्हणालो.

"सरी, ठीक आहे. म्हणून आधी तू बाहेर जा."

पत्नी हसली.

"तुला हसायला काय झालं? पुढच्या रविवारी तू. माझी मागची खोली रिकामी आहे."

येथवरचे श्रेय मी अक्कांना देतो. वहीचे श्रेय मात्र माझे आहे, आणि ते माझ्या बहिणीने परस्पर वाटून टाकू नये. कारखान्यात शिफ्ट संपली की जाणारा माणूस येणाऱ्यासाठी वहीत नोंद करून जातो: मशीनची स्थिती काय, काम कुठे थांबले. मशीनबद्दल लिहायचे, मागच्या शिफ्टबद्दल शेरा मारायचा नाही, हा त्याचा नियम. दर रविवारी मुलीची अशी नोंद ठेवावी, असे मी सुचवले.

"ती काय लेथ आहे का?" पत्नीने विचारले.

"लेथची नोंद तरी नीट असते."

"स्वल्प गप्प बसा दोघं," अक्का म्हणाल्या, आणि वही मंजूर झाली.

माझी पहिली नोंद अशी: 'ताप नाही. डावा बूट चावतो, मोचीकडे दिला आहे. नऊचा पाढा कच्चा.' पत्नीची पुढच्या रविवारची: 'बूट आणला. आता उजवा चावतो. नऊचा पाढा पक्का.' एकदा मी लिहिले, 'केसांत उवा. गेल्या आठवड्यात कोणी पाहिले नसावे.' दुसरे वाक्य तिने लाल शाईने खोडून शेजारी 'नियमबाह्य' असे लिहिले. नियम माझाच होता.

माझ्या आठवड्यांत मी कारखान्याजवळ एका सहकाऱ्याच्या खोलीवर राहात असे, असे पुतण्या सांगतो. उलट आहे. माझ्या आठवड्यांत मी घरी असे. खोलीवर राहायचो तो तिच्या आठवड्यांत. निदान वहीवरून तसे दिसते.

बारा आठवडे झाल्यावर अक्कांनी वही पुढे ठेवली आणि एकमेकांच्या नोंदी मोठ्याने वाचायला सांगितल्या. मी तिच्या वाचल्या, तिने माझ्या. जवळजवळ दर रविवारी, दोन्ही अक्षरांत, तेच: 'पोट दुखते. जेवली नाही.' सोमवारी बरी. अक्कांनी आम्हाला हे दाखवून दिले असे माझी बहीण सांगते. अक्का शेंगा सोलत बसल्या होत्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. शिफ्ट बदलतानाच मशीन बंद पडत असेल तर दोष मशीनचा नसतो, हे मला पंधरा वर्षे ठाऊक होते; सांगायला मुख्याध्यापिका लागत नव्हती.

"यापुढे शिफ्ट बदलायची नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?" पत्नीने विचारले.

"एकच शिफ्ट. तुझी."

कारण मी त्याच बैठकीत सांगितले. माझ्या सहा आठवड्यांपैकी दोन आठवडे मला रात्रपाळी होती. त्या रात्री मुलगी शेजारणीकडे झोपली, आणि हे मी वहीत लिहिले नव्हते. पत्नीला आधीच ठाऊक होते का, ते मी विचारले नाही. तिने पेनचे टोपण काढले होते, ते पुन्हा लावले.

"आणि घर?" ती म्हणाली.

"पोर घर बदलणार नाही असं ठरलंय ना?"

अक्कांनी माझ्यापुढे शेंगांची परात सरकवली.

सातव्यांदा ट्रंक उचलली ती अशी. दोन्ही वकिलांना अर्ज मागे घ्यायला सांगितले. कायद्याने आम्ही अखेरपर्यंत नवरा-बायको राहिलो. मुलीने कोर्टाची पायरी पाहिली नाही, आणि शिकवलेले वाक्य तिला पुन्हा कोणी विचारले नाही. रविवारी मी जात असे, तिला लालबागेच्या बगीच्यात नेत असे, आणि निघताना नोंद करत असे.

वही माझ्याकडे आहे. पुतण्याने यावे आणि वाचावे. मी कायमचा बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळची, पत्नीच्या अक्षरातली नोंद आहे: 'पोट ठीक. तीन डोसे खाल्ले. चौथा मागितला, दिला नाही.' त्याखाली संध्याकाळी मी लिहिले आहे, 'द्यायला हरकत नव्हती.' ते लाल शाईने खोडलेले आहे.