पक्किरीसामींचा तवील

"शिंक ऐकू आली अक्का, शिंक! भर मांडवात, सगळ्यांना!" ओसरी ते स्वयंपाकघर अशा शिवकोळुंदूच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. "मुलानं ताली हातात घेतली, म्हाताऱ्या भटजीनं बोट वर करून हलवलं, मी नागस्वर फुंकायला लागलो, आणि साथीचा तवील, एवढा मोठा ढोल, गप्प! तुझे यजमान, आमचे अत्तान, आपले कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या मामानं अशी शिंक दिली की नवरीच्या आजीनं तिथंच डोळ्याला पदर लावला."

"शिंक मामाची आणि दोष ह्यांचा?" चुलीवरची खळ ढवळत अभयांबाळ म्हणाली. "त्या मामाला आधी तपकीर सोडायला सांग."

"चेष्टा करू नकोस. मंगळसूत्र बांधताना अशुभ काही कानावर पडू नये म्हणूनच तर आपला गेट्टिमेळ, सगळ्या वाद्यांचा एकदम गजर, घुमवायचा. तो चुकवणारा तवीलवाला म्हणजे गळकी छत्री. घेऊन कोण फिरणार?"

"बारा गावचं पाणी प्यायलेल्या माणसाला छत्री म्हणतोस?"

शिवकोळुंदू खाली बसला. त्याचा आवाजही बसला. "शुक्रवारी मन्नारगुडीच्या लग्नाला मी दुसरा माणूस नेतोय. आणि पुढंही तोच. अत्तानना तू सांग. माझ्यानं तोंडावर सांगवत नाही."

 अभयांबाळनं खळ उतरवली आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायला घेतल्या. बाहेर ओसरीवर पक्किरीसामी तवीलाच्या वाद्या आवळत होते. आपल्याबद्दल घरात वादळ चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

वलंगैमानच्या गुरूकडे हा माणूस परकरातल्या पोरीएवढा असताना गेला होता. गुरूनं आधी विहिरीचं पाणी ओढायला लावलं, मग चिंचेच्या फळीवर हात बसवायला लावला. फळीला बोटांचे खळगे पडले तेव्हा कुठे तवील मांडीवर आला. अभयांबाळच्या वडिलांनी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते रथाच्या मिरवणुकीत. कोपऱ्यावर रथ अडकला. दोर ओढणारे घामाघूम, नागस्वरवाले थकून ताक प्यायला गेलेले, आणि हा पोरगा गळ्यात तवील अडकवून उन्हात उभा, वाजवतोय आपला. चाक हलेपर्यंत वाजवत राहिला. वडील घरी येऊन म्हणाले, "पोरगी त्याला द्यायची. त्याला कंटाळा येत नाही."

कंटाळा खरंच आला नाही. पुढं एका वर्षी नल्लूरच्या उत्सवाला जाफन्याला गेले. तिथल्या लोकांनी वाळूत चटया टाकून त्यांना ऐकलं, गळा झाकेल एवढे हार घातले. येताना बायकोसाठी साडी आणतील असं सगळ्यांना वाटलं होतं, ह्यांनी नारळाची खवणी आणली. "पातं बघ पातं," म्हणाले. एकदा मद्रासच्या मोठ्या सभागृहात बोलावणं आलं. तवीलाची स्वतंत्र पाळी सुरू झाली आणि अर्धी माणसं कॉफीला उठून गेली. घरी येऊन म्हणाले, "तिथली कॉफी फार चांगली असणार." पुन्हा कुणी बोलावलं नाही, ह्यांनीही विचारलं नाही. मुलगा तिरुप्पूरच्या होजिअरीत लागला तेव्हाही नाही रागावले. देवळातली सेवा, आसपासची लग्नं, आणि लग्नसराईच्या आधी बायकोसमोर उजव्या हाताची बोटं पसरून बसायचं.

कारण तवील वाजवताना बोटांवर घालायच्या टोप्या अभयांबाळ करायची. पट्टी खळीत बुडवायची, बोटाला वेढे द्यायचे, दाबायची, वाळवायची. वाळली की दगडासारखी. बाजारच्या टोप्या मिळायला लागल्या तरी ह्यांना त्या चालत नसत. बांगड्या भरून घेणाऱ्या पोरीसारखे निमूट बसून राहायचे. तेवढा वेळ घरात कुणी त्यांच्याशी काही बोललेलं त्यांना आवडत नसे.

आणि गेल्या पोंगलपासून तिला कळलं होतं. कुकरच्या शिट्टीला हे दचकत नव्हते. सून कुयिली सासऱ्यांना पाठीमागून "मामा, कॉफी," म्हणायची आणि पेला शेजारी निवत राहायचा. कानात घालायचं यंत्र मुलानं पाठवलं होतं, ते तवीलापाशी घातलं की डोक्यात कुऱ्हाड बसते म्हणून पेटीत पडलं होतं. अभयांबाळला सगळं माहीत होतं. पण बोललं की ते खरं होईल म्हणून ती गप्प बसली होती.

पट्ट्या आणि खळ घेऊन ती ओसरीवर आली. मागोमाग शिवकोळुंदू. त्याच्या हातात टाळ होते. पक्किरीसामींच्या पाठीमागे उभा राहून त्यानं टाळ वाजवले. कुयिली दारात थबकली. शेजारच्या ओट्यावरची शेळीसुद्धा वळली. पक्किरीसामींनी वादी ओढली, गाठ मारली.

शिवकोळुंदूनं बहिणीकडे पाहिलं. पाहिलंस? असं तोंडानं म्हणाला नाही एवढंच.

अभयांबाळ नवऱ्यासमोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "तुम्हाला टाळ ऐकू येत नाहीत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागं उभ्या मेव्हण्याकडे, त्याच्या हातातल्या टाळांकडे.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "टाळ गेले, मग ह्याच्या नागस्वराचा वरचा सूर गेला."

"मग वाजवत कसे होता?" शिवकोळुंदू समोर येऊन ओरडला.

"तुझ्या गालांकडे बघून. गाल फुगले की कळतं कुठं उचलणार. गळ्याची शीर ताणली की कळतं कुठं संपवणार. परवा तो व्हिडिओवाला मध्ये उभा राहिला. सारखा हातानं खुणावत होता, हसा, हसा. मी हसलो."

कुयिली तोंडाला पदर लावून आत वळली, हसायला की रडायला ते तिचं तिलाच ठाऊक.

"मला सांगायचं होतंत, अत्तान."

"सांगून काय करणार होतास? दुसरा आणला असतास."

शिवकोळुंदूनं मान खाली घातली.

"वाजवा," अभयांबाळ म्हणाली.

"नव्या टोप्या अजून व्हायच्यात."

"जुन्या घाला. वाजवा."

भावाच्या हातातले टाळ घेऊन ती अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली आणि छातीपाशी, त्यांना दिसतील असे वाजवू लागली. वडील भावाला शिकवत तेव्हा ती आत तांदूळ निवडत मांडीवर हाच ताल धरायची, भाऊ चुकला की वडील म्हणायचे, आत विचारून ये. पक्किरीसामींनी तिच्या हातांवर नजर रोवली. आधी सावकाश, मग दुप्पट, मग बोटं दिसेनाशी झाली. मधेच तिनं मुद्दाम हात वर खेचून धरला, गेट्टिमेळाची खूण केली. तवील असा कोसळला की शेळीनं दावं तोडलं. शेवटचा ठोका तिच्या टाळाबरोबर पडला.

शिवकोळुंदूनं आधी शेळी धरून बांधली. मग म्हणाला, "हे घरात ठीक आहे. टाळवाला मागं बसतो, अक्का. लोकांकडे पाठ करून ह्यांच्यासमोर कोण बसेल? त्या व्हिडिओवाल्याच्या मध्ये कोण येईल?"

"मी."

"तू?"

"आपल्या घरातली बाई मांडवातल्या चौथऱ्यावर?" पक्किरीसामींना तिचे ओठ दिसले होते. "लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला कुठं ऐकू येणार आहे?"

ते हसले. मग त्यांनी उजवा हात तिच्यापुढे पसरला. तिनं पट्टी खळीत बुडवली, करंगळीला पहिला वेढा दिला.

"अत्तै, आणि सकाळचं इडलीचं पीठ?" आतून कुयिलीनं सासूला विचारलं.

"तू वाट," पट्टी दाबत अभयांबाळ म्हणाली. "शिवा, त्या दुसऱ्या माणसाला येऊ नको म्हणून कळव. शुक्रवारी मन्नारगुडीला मी येतेय. टाळ मी धरणार."