शेवंतीच्या चुलीवरची पेज

उपाशी माणसाच्या दारातून तांदळाची पिशवी परत न्यायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर आली, आणि देवाविषयी मी जे बेधडक लिहीत असे ते सगळं मला पुन्हा तपासावं लागलं.

वडिलांचा रत्नागिरीत लहानसा छापखाना होता. पत्रकं वाचतच मी मोठी झाले आणि विशीत स्वतः लिहू लागले. वादळ किनाऱ्यावरून गेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘नवस नको, मदत द्या’ असं पत्रक मी काढलं. लोकांनी भरभरून दिलं. तांदूळ, डाळ, मीठ आणि एकेक नारळ अशा पिशव्या बांधून आम्ही मैत्रिणी खाडीपलीकडच्या मच्छीमार वाडीत गेलो.

मैत्रिणी इतर घरांकडे वळल्या, मी वाडीच्या टोकाच्या शेवंतीच्या घरी गेले. अर्धी कौलं उडालेली, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. नवऱ्याची होडी वादळाच्या आदल्या दिवशी गेली ती आली नव्हती. मी पिशवी पुढे केली तशी ती भिंतीकडे सरकली.

“कोरडा शिधा माझ्या दारात ठेवू नको. तो येणार हाय.”

त्या वाडीत घरातलं माणूस गेलं की शेजारी असाच कोरडा शिधा आणून ठेवतात. ती पिशवी घेणं म्हणजे नवरा बुडाला हे कबूल करणं. चार दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, अंगावरचं दूध आटलं होतं आणि मुलीचं रडणंही बारीक होत चाललं होतं. मी काय करावं? अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं! ती समुद्राकडे बघत राहिली. तिच्या नजरेत जी ओढ होती, तिच्यापुढे माझे शब्द मलाच ऐकवेनात.

मी पिशवी उचलून गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. छप्पर उडालेलं, मूर्तीवर वाळू. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले आणि म्हटलं, “असशील तर त्याला परत आण.” काही झालं नाही. वारा तेवढा वाहत होता. देव नाही हे मला आधीच ठाऊक होतं, तरी त्या क्षणी तो असावा असं इतकं वाटलं की रडू आलं.

तेवढ्यात शेजारच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी डोक्यावर जळणासाठी नारळाच्या सुक्या सोडणांची, वरच्या सालींची, पाटी घेऊन समोर उभी राहिली. सगळे तिला हलिमाखाला, म्हणजे हलिमामावशी, म्हणत.

“एवढी शिकलीस गो, नि उपाशी बाईला भाषण देतेस?” ती म्हणाली. “तुझा आवाज पार आमच्या मोहल्ल्यात आला. तिला काय देऊ नको. तिच्याकडे माग. तू तरी जेवलीस काय?”

मी सकाळपासून जेवले नव्हते. आम्ही दोघी परत गेलो. दारातच मी म्हटलं, “वहिनी, मला भूक लागली आहे. पेज कराल का?”

दुसऱ्याच्या दारात मी असं कधी मागितलं नव्हतं. शेवंतीने समुद्रावरची नजर माझ्याकडे वळवली.

“घरात तांदूळ नाय.”

“मी आणलेत.”

“बघा पाहुणी!” खाला हसली. “आपले तांदूळ घेऊन जेवायला आली!”

शेवंतीच्या ओठांचा कोपरा हलला. तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठली. पाहुणीला उपाशी पाठवणं तिच्या रक्तातच नव्हतं. खालाच्या सोडणांवर ओली चूल पेटली. तिने आधी मला वाढलं, मग खालाला, मग एक वाडगा नवऱ्यासाठी झाकून ठेवला. स्वतः बसेना.

खालाने आपला वाडगा तिच्यापुढे सरकवला. “तो आल्यावर पोर अशी सुकलेली दिसली तर काय सांगशील त्याला?”

शेवंतीने दोन्ही हातांनी वाडगा उचलला. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा मुलगी तिच्या अंगावर पीत होती.

तिचा नवरा आला नाही. देवळाच्या पायरीवर मी जे मागितलं ते मिळालं नाही, आणि ती हुरहूर अजून मनातून जात नाही. खालाला कोणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही. मला मागायला शिकवलं गेलं, एवढं मात्र मान्य करते आणि त्यासाठी रोज हात जोडते.

वादळ पुन्हा येईल, तुम्हीही मदत घेऊन जाल. पिशवी दारात ठेवून मागे फिरू नका. आत बसा, भूक लागली म्हणून सांगा, त्यांच्या चुलीवर शिजू द्या आणि त्यांच्या पंगतीला जेवूनच उठा.