बोटीचं दार किती वाजता बंद होते

माझा धाकटा भाऊ प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. नागपुरात हॉटेलचा कोर्स करून तो समुद्रावर गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. वर्षातले आठ महिने तो पाण्यावर असतो आणि उरलेले चार महिने इंझोरीजवळच्या आमच्या वस्तीवर. घरी आला की मायच्या हातचं खातो आणि झोपा काढतो. तो नेमकं कुठं काम करतो, हे आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. मग एका दिवाळीत त्याचा फोन आला. घरच्या माणसांना जहाजावर नेण्याची सवलत त्याला यंदा मिळाली होती. मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची फेरी निघणार होती आणि माय, मी, माझे यजमान आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी, अशा चौघांनी यायचं होतं. जहाजावरचं सगळं तो बघणार होता. जहाजापर्यंत पोचायचं मात्र आमचं आम्हाला होतं.

ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं. मी मंगरूळपीरला शाळेत गणित शिकवते. शाळेचं वेळापत्रक गेली कित्येक वर्षं मीच करते आणि त्यात कधी एका शिक्षकाचे दोन तास एका वेळी आलेले नाहीत, याचा मला थोडा गर्वच आहे. मी नवीन वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. विमान, हॉटेल, गाडी, बंदर. संध्याकाळी शाळेतून आलं की लॅपटॉप उघडून बसायचं, भाव बघायचे, वेळा बघायच्या आणि वहीत उतरवायच्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं असतं, तेही मी वेगळ्या शाईनं लिहून ठेवलं होतं. जानेवारी उजाडेपर्यंत वही भरली. सकाळी नागपूरहून मुंबई, दुपारी मुंबईहून दुसऱ्या कंपनीचं विमान, मधल्या एका गावी विमान बदलून पहाटे सिंगापूर, आणि त्याच दिवशी जहाजावर. हॉटेलची एक रात्र वाचत होती. यजमानांनी वही वाचून मान डोलावली. तिकिटं तेवढी काढायची राहिली होती.

त्या रविवारी माय वस्तीवरून एसटीनं आली होती. ओट्यावर पाय पसरून बोरं खात बसली होती. मी तिला सहज म्हणून वही दाखवली. तिला वाचता येत नाही, सही तेवढी येते. ती म्हणाली, "वाच मले. पयल्यापासून वाच, घरातून निंगाल्यापासून."

मी वाचलं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. वाचून झाल्यावर बी थुंकली आणि विचारलं, "मुंबईले उतरल्यावर सामान आपल्यासंग उतरते का पुढं जाते?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं होती. म्हणजे सामान आमच्याबरोबर उतरणार. ते पट्ट्यावरून उचलायचं, दुसऱ्या इमारतीत न्यायचं, पुन्हा रांगेत उभं राहून द्यायचं. मी मध्ये अडीच तास ठेवले होते. परदेशी विमानाची सामान घेणारी खिडकी एक तास आधी बंद होते, तो तास वजा केला तर हातात उरत होता दीड. तोही पहिलं विमान वेळेवर आलं तर.

"अन् पयलं इमान उशिरा आलं तं दुसरं आपल्यासाठी थांबन काय?"

मी म्हटलं, नाही थांबणार.

"बरं. बोट किती वाजता सुटते?"

"संध्याकाळी पाचला."

"सुटाचं राहू दे. दार किती वाजता बंद होते ते सांग."

ते मला माहीत नव्हतं. मी तिच्यासमोरच भावाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. जहाज पाचला सुटत होतं, पण प्रवाशांसाठी बंदराचं दार तीनलाच बंद व्हायचं. त्यानंतर कोणी आलं तर आत घेत नाहीत.

माय कोण आहे, हे इथं सांगायला पाहिजे. मी लहान असताना माय आणि बाबा दरसाल ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की वस्ती अर्धी रिकामी व्हायची. पहिली काही वर्षं टोळी बाबांच्या एका चुलत्यानं नेली. तो गेल्यावर कोण नेणार हा प्रश्न आला, तेव्हा बाया म्हणाल्या की आमच्या जिवाची काळजी हीच करते, हिनंच न्यावं. तेव्हापासून दहा-बारा वर्षं चाळीसएक माणसं, त्यांची लेकरं, पीठ, भांडी, अंथरुणं, कोयते आणि दोन-तीन शेळ्या माय घेऊन जायची आणि परत आणायची. वस्तीवरून जिपांनी शेलूबाजार आणि शेलूबाजारहून ट्रक. कोण कोणत्या जिपेत, कोणाचं बोचकं कुठं, बाळंतीण कुठं बसेल, लेकरांना पाणी कुठं पाजायचं, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. कागद कधी नव्हता.

एका साली शेलूबाजारला घोटाळा झाला होता. एक जीप वाटेत बंद पडली, तिच्यातली माणसं मागं राहिली आणि त्यांची भांडीकुंडी, पांघरुणं आधीच ट्रकावर चढलेली. ट्रकवाला थांबला नाही. मायसकट सतरा माणसं दोन दिवसांनी पोचली. तोवर थंडीत लेकरांच्या अंगावर घालायला काही नव्हतं. हे मला तिनं त्या रविवारीच पहिल्यांदा सांगितलं. म्हणाली, तवापासून मी सामान कवाच माणसापासून दूर केलं नाई, अन् कामाच्या दिवशी कवाच पोचली नाई. आदल्या दिवशीच पोचाचं.

मी त्या काळात मंगरूळपीरच्या वसतिगृहात होते. मैत्रिणींना मी सांगायचे की आईबाबा शेती करतात. ते खोटं नव्हतं, तीन एकर होती आमची. पण टोळीचं मी कधी कोणाला सांगितलं नाही. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, तेव्हाही नाही. आणि या सहलीच्या वहीतही माय माझ्यासाठी एक वयस्क प्रवासी होती, जिला हात धरून न्यायचं, खिडकीजवळ बसवायचं. ओट्यावर तिच्यासमोर वही धरून बसलेली असताना मला हे जाणवलं. वहीचं पान फाडलं आणि नवीन घेतलं.

पुढचे चार रविवार आम्ही दोघींनी मिळून प्रवास आखला. ती विचारायची, मी शोधायचे. एकाच तिकिटावरची विमानं शोधली, म्हणजे सामान नागपूरला दिलं की थेट सिंगापूरला मिळणार होतं. मध्ये साडेचार तास ठेवले. एक दिवस आधी पोचायचं ठरलं. यजमान म्हणाले, हॉटेलचा खर्च वाढतो. माय त्यांना म्हणाली, "जावाईबापू, वाढू द्या. तुमी निवांत झोपान ना." त्यावर ते हसले.

हॉटेलच्या बाबतीत तिनं एकच गोष्ट विचारली. गाडी आली नाही तर बंदरापर्यंत चालत जाता येते का? मी आधी निवडलेलं हॉटेल छान होतं, पोहण्याचा तलाव होता, पण बंदरापासून बरंच लांब होतं. नकाशावर बघून बघून मी दुसरं शोधलं, साधं, बंदरापासून वीस मिनिटांच्या चालीवर. विमानतळावरून हॉटेलला नेणारी गाडी आधीच ठरवली. तिथं एक अट दिसली, चौघांसाठीच्या गाडीत मोठ्या बॅगा दोनच बसतील. मी ती मायला वाचून दाखवली. ती म्हणाली की हे बरं झालं, आता बॅगा दोनच भरायच्या. आणि प्रत्येकाजवळ अंगाशी ठेवायच्या पिशवीत एक जोड कपडे.

पासपोर्टसाठी तिला घेऊन गेलो तेव्हा बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पात्यानं बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. टेबलामागचा माणूस समजूतदार होता. त्यानं तिची बोटं ओल्या कपड्यानं पुसली, हलकेच दाबून धरली. तिसऱ्या खेपेला मशीननं ठसे घेतले. माय माझ्याकडं बघून म्हणाली, "हाये बाई अजून थोडेसे." तो माणूस हसला, आणि मी दुसरीकडं बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

हॉटेलचं इंग्रजी नाव तिनं पाठ केलं. टोळी नेतानाही ती प्रत्येक लेकराकडून कारखान्याचं आणि गावाचं नाव घोकून घ्यायची, म्हणजे चुकलं तर सांगता येईल. आता तिनं तेच आमच्यावर चालवलं. माझ्या मुलीच्या फोनमध्ये सगळं होतं, तरी आजीनं तिला विचारलं की फोन हरपला तं? मग नात आणि आजी दोघी मंगरूळपीरच्या घरात फिरता फिरता हॉटेलचं नाव म्हणायच्या. मायचा उच्चार हळूहळू इतका चांगला झाला की माझी मुलगीच तिच्याकडून म्हणून घ्यायला लागली.

परीक्षा संपल्या, उत्तरपत्रिका तपासायचं काम चालू होतं. शिक्षक-खोलीत मी ती वही उघडून बसले होते. आमच्यातले एक सर मुलाकडं परदेशी जाणार होते, त्यांनी वही हातात घेऊन पानं उलटली. म्हणाले, मॅडम, ही कोणत्या एजंटकडून करून घेतली? त्याचा नंबर द्या.

मी म्हणाले, "माझ्या मायनं केली आहे. ती ऊसतोडीची टोळी न्यायची. चाळीस माणसं."

खोलीत आठ-दहा जण होते. त्यांच्यापैकी काहींना मी वीस वर्षं ओळखते. सर म्हणाले, "अस्सं," आणि पुन्हा पहिल्या पानापासून वही वाचायला लागले. शेजारच्या बाईंनी विचारलं, मग कधी तुम्ही सांगितलं नाही ते? मी म्हटलं, चुकलंच माझं. मला वाटलं होतं की हे बोलताना माझा आवाज कापेल. तसं झालं नाही. उलट घरी जाताना मी बाजारातून विनाकारण दोन किलो आंबे घेतले.

निघायच्या दिवशी भल्या सकाळी गाडी आली. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलो आणि नागपूरपर्यंत गाडी कुठं थांबली नाही. मायनं चौघांच्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. ठेचा आणि विमान यांचं जमेल की नाही अशी मला शंका होती, म्हणून तो तिनं गाडीतच संपवायला लावला. विमानतळावर पट्ट्यावर बॅगा ठेवल्या, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं दोन्हींवर सिंगापूरची चिठ्ठी लावली. माय वाकून बघत होती. अक्षरं वाचता येत नसली तरी दोन्ही चिठ्ठ्या सारख्या आहेत ना, हे तिनं ताडून बघितलं आणि मगच हलली.

नागपूरचं विमान खराब हवामानामुळं पावणेदोन तास उशिरा सुटलं. माझ्या पहिल्या बेताप्रमाणं गेलो असतो, तर मुंबईला दुसरं विमान चुकलंच असतं. मी मनात हिशेब करत होते, यजमानही करत असावेत, कारण ते माझ्याकडं बघून नुसते भुवया उंचावून हसले. माय खुर्चीवर मांडी घालून बसली होती आणि समोरच्या अनोळखी बाईचं तान्हं लेकरू मांडीवर घेऊन तिला दूध गरम करून आणायला पाठवत होती. मुंबईला उतरून आम्ही सावकाश चालत पुढच्या विमानाकडं गेलो. सिंगापूरला दोन्ही बॅगा आल्या. गाडीवाला नावाचा फलक घेऊन उभा होता. मायनं त्याला हॉटेलचं नाव सांगितलं, आणि त्यानं मान हलवून दार उघडलं. दिवसभर आम्ही झोपलो, संध्याकाळी बंदरापर्यंत चालत जाऊन रस्ता बघून आलो.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आतच आम्ही जहाजावर होतो. चौदा मजल्यांची ती इमारत पाण्यावर उभी होती. भाऊ आम्हाला भेटायला वर आला, तो पांढऱ्या कोटात, उंच टोपीत. त्या कपड्यात आम्ही त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यानं टोपी काढून मायच्या पायाला हात लावला. मला म्हणाला, ताई, वाटेत काही त्रास नाही ना झाला, मला रात्रभर काळजी होती. मी म्हटलं, मायनं आणलं आम्हाला. त्याला त्याचं काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, मग बरोबर आहे.

त्याला दहाच मिनिटांची सुट्टी होती. दुपारच्या जेवणाला अडीच हजार माणसं बसायची होती. तो रेंगाळायला लागला तसं माय त्याला म्हणाली, "जाय बाप्पा. लोकं भुके असतीन." तो गेला. पाठमोरा जात असताना त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या दोन-तीन पोरांनी त्याला बाजूला होऊन वाट दिली, ते तिनं पाहिलं. मानेनंच मला दाखवलं. मग पदर खोचला आणि नातीला म्हणाली की चाल, खालच्या मजल्यापासून सुरू करू अन् सारं जहाज पाहून घेऊ. मला तिच्या मागं झपाझप चालावं लागलं.