गालाला लागलेला गारवा

दोरीवरची ओढणी वाळली का, ते बघायला मी आजही ती गालाला लावते. बोटांवर माझा विश्वास नाही. तो पेणजवळच्या जोह्याला, सासरच्या गणपतीच्या कारखान्यात उडाला, लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात.

रोह्याच्या गिऱ्हाइकाची शाडूची मूर्ती रंगवायची राहिली होती. सासूबाईंनी तिच्या पोटाला गाल टेकवला. "गार हाय गो. आत पाणी हाय अजून. उद्या बघू."

मी बोट फिरवलं. मूर्ती कोरडी लागली. मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. गालाच्या भरवशावर थांबणं मला पटेना. त्या जेवायला गेल्या आणि मी पेटती शेगडी मूर्तीजवळ सरकवली.

वरच्या मातीतलं पाणी भराभर गेलं, तिचे कण जवळ आले आणि ती आवळली. आतली ओली माती होती तेवढीच राहिली. पोटापासून मांडीपर्यंत भेग गेली.

जेवून आलेल्या सासूबाईंनी माझा गाल शेजारच्या मूर्तीला टेकवला. ती गार लागली. पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर लिहिलं होतं.

आमच्या घरासाठी ठेवलेली मूर्ती रोह्याला गेली. भेगाळलेली, माती भरून रंगवलेली, आमच्या मखरात बसली. आरतीला सगळे देवाच्या तोंडाकडे बघत होते, मी पोटाकडे. सासूबाई हळूच म्हणाल्या, "सुकलाय आता तो. हात जोड."