चार वाजताचा वायू

मंगळवार, ७ फेब्रुवारी २०१७. सकाळी धुकं, दुपारी ऊन. दलदलीत पाणी एकवीस सेंटिमीटर खाली. अंडी दोन. सेगुंदोने सरपण फोडून दिलं. नोएमी उद्या येणार.

चिलीतल्या चिलोए बेटावर एतेल्विना चिग्वायच्या घरामागची दलदल विद्यापीठाने अभ्यासासाठी मागून घेतली होती. तिथल्या तरुण संशोधक नोएमीने दलदलीतल्या शेवाळात एक पारदर्शक पेटी बसवली. दर अर्ध्या तासाने पेटीचं झाकण आपोआप मिटे, जमिनीतून किती वायू वर येतो ते मोजलं जाई आणि सुस्कारा टाकल्यासारखं झाकण उघडे. एतेल्विनाने रोज सकाळी दलदलीवर टाकलेल्या फळीवरून जाऊन पाण्याची पातळी लिहायची, एवढंच. नन्सच्या शाळेत लागलेली रोज वही लिहायची सवय नवरा अर्नोल्दो गेल्यावरही सुटली नव्हती. वहीत एकही दिवस कोरा गेला नाही. शेवाळ विकणारा शेजारी सेगुंदो म्हणे, बाई हल्ली चिखलाचे ढेकर मोजतात.

बुधवारी नोएमी आली ती हरखूनच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक उघडून तिने आलेख दाखवला. डिसेंबरपासून जवळजवळ रोज दुपारी चारच्या सुमारास मिथेन एकदम उसळत होता. असं आजवर कुणी नोंदलं नव्हतं म्हणे. त्यावर तिचा लेख अर्धा लिहून झाला होता.

एतेल्विनाने चष्मा लावला. अकरा ते चौदा जानेवारी रेघ सपाट होती. त्या चार दिवसांत ती कंबर धरून अंथरुणात होती.

चारला येर्बाच्या पानांचा कडू चहा. अर्नोल्दो असताना दोघं वाळक्या भोपळ्याच्या एकाच पेल्यातून आळीपाळीने पीत. तो एकट्याने प्यायचा चहाच नव्हे. म्हणून डिसेंबरात एकदा ती किटली घेऊन पेटीपाशी गेली आणि शेवाळात स्टूल टाकून बसली. झाकण मिटलं, उघडलं. शेजारी कुणी आहे असं वाटलं. मग रोजच जाऊ लागली.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. बोलली तर पोरीचा लेख बुडणार, आणि पेटीही जायची.

"पोरी, ती दलदल नव्हे," ती म्हणाली. "ती मी आहे. चारला मी तिथे बसते."

"फळीवर ना?"

"फळीवर स्टूल डुगडुगतं."

नोएमीने कपाळाला हात लावला. माणसाच्या भाराने चिखलात अडकलेले मिथेनचे बुडबुडे बाहेर पडतात. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी, एतेल्विनाबाई."

"फळीवरून चाला म्हणालीस. बसू नका म्हणाली नाहीस."

"किती दिवस?"

एतेल्विनाने वही आणून दिली. बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सत्तेचाळीस दिवस. नोएमी एकेका पानाचा फोटो घेत गेली. एका पानावर थांबली.

"'आज पेटी जरा उदास.' हे काय?"

"तसं वाटलं."

नोएमी हसली नाही. या वहीमुळे बाकीचे आकडे तरी वाचले, असं तिने मनापासून सांगितलं. पण पेटीभोवतीचं शेवाळ चेपलं होतं. पुढच्या आठवड्यात पेटी ओढ्यापलीकडे सेगुंदोच्या जमिनीत न्यावी लागेल, आणि पाण्याची पातळीही आता यंत्रच टिपेल. एरवी ती जेवून जाई. आज विद्यापीठाला लगेच कळवायचं म्हणून दुपारचीच फेरीबोट गाठायला निघाली.

त्या संध्याकाळी एतेल्विनाने लिहिलं: बटाटे सहा उकडले होते. चार उरले.