पितळी बूच

आमच्या चौघा मित्रांची मिळून एक बोट आहे. बोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी भलतंच येतं, म्हणून सांगतो: पाच माणसं जेमतेम बसतील एवढी फायबरची होडी आणि मागे लहानसं इंजिन. गंगापूर धरणाच्या काठाजवळ एका ओळखीच्या शेडमध्ये ती ट्रॉलीवर उभी असते. रविवारी पाण्यात उतरवायची, तासभर फिरायचं आणि येताना मिसळ खायची, एवढीच आमची हौस.

बोटीची देखभाल माझ्याकडे होती. म्हणजे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर माझ्याकडे; प्रत्यक्षात ती शेडवरचे मामा करायचे. मामा सुरगाण्याकडचे, साठीला टेकलेले. तळाचं शेवाळ मऊ ब्रशने घासणं, इंजिन स्वच्छ पाण्याने धुणं, ट्रॉलीच्या चाकांना ग्रीस भरणं, सगळं तेच बघत. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसं ते बोटीला बोटाने ठोकत जायचे आणि तडा कुठे आहे ते बरोबर सांगायचे. आमची बोट आणि शेडमधल्या आणखी दोन बोटी, एवढ्या कामावर त्यांचं घर चाले. त्यामुळे तीन वर्षं त्यांना द्राक्षबागांवर मजुरीला जावं लागलं नव्हतं. गुडघे गेलेल्या माणसाला हे केवढं होतं, ते मला माहीत होतं. माहीत होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

एक काम तेवढं मी कुणाला देत नसे. बोटीच्या मागे, तळाशी एक भोक असतं. बोट काठावर असताना ते उघडं ठेवायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निघून जातं. पाण्यात घालण्याआधी त्यात आट्यांचं पितळी बूच पिळून बसवायचं. ते बसवताना मला उगाच कप्तान असल्यासारखं वाटायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी खंडेनवमीला आम्ही बोट धुतली. घरी हत्यारांच्या पूजेत बोटीचंही काहीतरी असावं, असं माझ्या डोक्यात आलं. इंजिनाची किल्ली आणि बूच घेऊन मी घरी आलो. बायकोने बूच चिंचेने लख्ख घासलं, पाटावर विळी, पकड आणि मुलीच्या कंपासपेटीशेजारी ठेवलं. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं घातली.

दसऱ्याच्या सकाळी घाईघाईत निघताना किल्ली आठवणीने उचलली. बूच फुलांखाली राहिलं.

धरणावर चारही घरची मंडळी नटूनथटून आलेली. बोटीला मी हौसेने भला मोठा हार घातला, तो नेमका मागच्या भोकावरून लोंबत होता. नारळ फोडला आणि मामांनी ट्रॉली पाण्यात ढकलली. मी आणि एक मित्र आत बसून थोडे पुढे गेलो नाही तोच पायाखाली पाणी आलं. मागची बाजू खाली बसली, इंजिनात पाणी शिरलं. छातीभर पाण्यात उतरून मामांनी बोट काठाला ओढली म्हणून फार काही झालं नाही. पण काठावर बायकामुलं बघत होती, आणि झब्बा अंगाला चिकटलेला मी कप्तान त्यांच्यासमोर उभा होतो.

"बूच कुठंय?" मी ओरडलो.

"तुमच्यापाशी हाय ना, साहेब," मामा म्हणाले.

"माझ्यापाशी? बूच काय खिशात घालून फिरतो का मी? तुला एक काम धड करता येत नाही."

एरवी अहो-जाहो करणारा मी चारचौघांत अरे-तुरेवर आलो. मामा वाकून बोटीतलं पाणी उपसू लागले. मित्राने त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि बाकीच्या दोन बोटवाल्यांनीही आमचंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बायको निर्माल्य काढत होती. "हे काय तुमचं?" तिने बूच माझ्यापुढे धरलं. माझा चेहरा बघून ती काय ते समजली. "आत्ताच्या आत्ता फोन करा त्यांना."

"करतो," मी म्हणालो, आणि केला नाही. आज, उद्या, असं करता करता छाटणीचा हंगाम सुरू झाला आणि मामा निफाडकडच्या बागेत कामाला गेल्याचं कळलं. मी बेसिनपाशी उभा राहून जुन्या टूथब्रशने बुचाच्या आट्यांतलं कुंकू काढलं. मग शेडमध्ये जाऊन ते गुपचूप अवजारांच्या डब्यात तळाशी ठेवलं, आणि ग्रुपवर लिहिलं, "बूच सापडलं. डब्यातच होतं. म्हातारा माणूस आहे, नीट बघितलं नसेल. जाऊ दे, माफ करू." तिघांचे अंगठे आले. माझ्या मोठ्या मनाचं एकाने कौतुकही केलं.

हंगाम संपल्यावर आम्ही बोलावलं तेव्हा मामा शेडवर परत आले, पण जास्त लंगडत. त्या बाजूने माझं जाणं मी कमी केलं. चोराच्या मनात चांदणं. ते मात्र पूर्वीसारखंच "या, साहेब" म्हणत.

पुढच्या खंडेनवमीला आम्ही चौघेही बोट धुवायला जमलो होतो. मामांनी डब्यातून बूच काढलं, फडक्याने पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "पूजेला घरी न्यायचं आसंल ना, साहेब? न्या. म्या हितं लाल फडकं बांधून ठेवतो, म्हंजी ध्यानात राहील."

"घरी? बूच कशाला घरी?" एका मित्राने विचारलं.

मी म्हणालो, "गेल्या वर्षी मीच नेलं होतं. घरीच राहिलं. डब्यात नव्हतंच ते."

तिघेही हसले. "एवढंच ना? मग पार्टी लागू झाली," असं म्हणत एकाने माझ्या पाठीत थाप मारली. वर्षभर मी छातीवर घेऊन फिरलेला धोंडा त्यांनी हसण्यावारी नेला. मामांकडे तिघांपैकी एकानेही पाहिलं नाही. ते बोटीच्या मागे फडकं बांधत होते.

मी त्यांच्याजवळ गेलो. "मामा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्यापासून. मीच तर बूच काढून तुमच्या हातात दिलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी गाठ ओढून घट्ट केली.

"बोललो होतो की, साहेब."