गोष्टीतल्या माणसाचा हात

बाळांनो, तुमच्याकडे पापड पाकिटातून येतात. आमच्या पिंपरीच्या चाळीत ते उन्हाळ्यात घरोघरी लाटले जात, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे. मला पापड कधी गोल जमला नाही. म्हणून बायकांनी ठरवून टाकलं होतं, की माझ्या वाटणीच्या लाट्या त्या लाटतील आणि मी गोष्ट सांगायची.

कॉलेजात इंग्रजी कादंबऱ्या वाचल्यामुळे गोष्ट कुठे तोडावी हे मला कळत होतं. सुरुवातीला मी समुद्र, गलबतं असं काहीबाही रचत असे. मग माझी शेजारीण म्हणाली, ते पुरे झालं, आमच्यातलं सांगा. ती मावळातली, लग्न होऊन नुकतीच आलेली. तिचा नवरा कंपनीत प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर होता. मी गोष्टीतल्या माणसालाही प्रेसवर लावलं. बायका त्याच्या ओव्हरटाइमची काळजी करू लागल्या, तो रोज डब्यात वांगंच का नेतो म्हणून मला चिडवू लागल्या.

त्या दुपारी गोष्टीतल्या माणसाने अडकलेला पत्रा काढायला प्रेसखाली हात घातला, आणि वरचा अवजड भाग खाली यायला लागला. नेमकी तिथे मी थांबले.

आणि कंपनीचा भोंगा वाजला. पाळी सुटायला अवकाश होता. तो तुटक तुटक वाजत राहिला. अपघात झाला की तो तसा वाजतो, हे चाळीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

लाटणी थांबली. तुमचे आजोबा ड्रॉइंग ऑफिसात होते, तिथे यंत्रं नव्हती. बाकीच्यांचे नवरे दुसऱ्या पाळीचे, घरीच होते. कामावर होता तो फक्त शेजारणीचा.

मी म्हटलं, चल, गेटवर जाऊ. ती उठेना.

"आधी त्याचा हात काढा, वहिनी."

मी तिला समजावलं, की तो माणूस कुठेच नाही, मी मनाने रचलाय.

"मला ठाव हाय. तरी बी काढा."

कुणी हसलं नाही. बोलण्याने लोखंड थांबत नाही, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी सांगू लागले. कामावरच्या जोडीदाराने धावत येऊन यंत्र बंद केलं, हात बाहेर आला.

"समदी बोटं?"

"सगळी."

मग ती उठली.

गेटवर गर्दी होती, वॉचमन कुणाला आत सोडत नव्हता. पाळी सुटली आणि तिचा नवरा सायकल ढकलत बाहेर आला. पिठाच्या हातांनी इथे कशाला आलीस म्हणून तिच्यावर वैतागला. ती हँडलवरची त्याची बोटं बघत राहिली.

लागलं होतं ते काळेवाडीच्या एका कामगाराला, असं त्याने हळूच सांगितलं. त्या कामगाराची बायको आमच्या शेजारीच उभी होती. येणाऱ्या प्रत्येक सायकलीकडे ती मान उंचावून बघत होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा लाट्या वाळल्या होत्या. तेल लावून पीठ पुन्हा कुटावं लागलं. गोष्टीत पुढे काय झालं, असं कुणी विचारलं नाही. माझ्या वाटणीच्या लाट्या त्या दिवशी मीच लाटल्या.